छताखाली मांडव

मांडवाचा मान थोरल्याचा, ही शिंत्र्यांच्या घरातली रीत. त्या रीतीत एसी हॉलचं नाव कुठेच नव्हतं हे खरं. पण हॉलमध्ये मांडव घालू नये, असंही कुणा वाडवडिलांनी सांगून ठेवलेलं नव्हतं. म्हणून धाकट्याच्या लेकीच्या, तेजस्वीच्या, साखरपुड्याच्या सकाळी नेसरीच्या गुंडू मांडववाल्याचा टेम्पो कोल्हापुरातल्या हॉलच्या दारात येऊन उभा राहिला, आणि मॅनेजर हातातला चहा तसाच घेऊन बाहेर धावला.

“पावणं, पत्ता चुकला काय? हितं छत हाय.”

“छत तुमचं,” केबिनमधून उतरत धैर्यशील शिंत्रे म्हणाला, “मांडव आमचा. गुंडू, घे रं बांबू आत.”

बांबू काही आत गेले नाहीत. फरशीचं कारण सांगून मॅनेजरनं ते दारातच अडवले. पण कापड गेलं. गुंडूची माणसं शिड्या लावून वर चढली आणि आचाऱ्याची भांडी यायच्या आत हॉलचं दुधासारखं पांढरं छत दिसेनासं झालं. वर हिरवागार चांदवा, त्याला गुलाबी झालर, चारी भिंतींना डाळिंबी पडदे. नेसरीत घरातली सगळी लग्नं ह्याच रंगांखाली लागली होती. धैर्यशील मान वर करून बघत राहिला. आता कुठे शुभकार्याची जागा वाटत होती. मघाशी नुसता दवाखाना वाटत होता.

दवाखाना हा शब्द मनात आला आणि त्याचा आनंद थोडा उतरला.

दोन वर्षांपूर्वी अव्वाच्या, म्हणजे त्याच्या आईच्या, हातातून चहाचा कप गळला होता. ती बोलायला गेली आणि शब्दांऐवजी लाळ आली. गाडी धैर्यशीलनं मागायला आलेल्या एकाला दिलेली, ती परत येईतो संध्याकाळ झाली. गडहिंग्लजच्या दवाखान्यात अव्वा वाचली, हातपाय परत चालू झाले, पण तोंडाची डावी बाजू खाली ओढली गेली ती गेलीच. दुसऱ्या दिवशी धाकटा उदयसिंह कोल्हापुरातून आला, आणि भेटायला जमलेल्या सगळ्या भावकीसमोर ओरडला, “दादा, तुझ्यामुळं अव्वाचं तोंड वाकडं झालं!”

त्या वाक्यानंतर दोघा भावांत एक शब्द झाला नव्हता. आणि अव्वानं तेव्हापासून पदर तोंडावर धरला होता, तो जेवतानासुद्धा पुरता सोडत नसे.

पुतणीच्या साखरपुड्याला येत नाही म्हणायला धैर्यशीलचं मन होईना आणि येतो म्हणायला जीभ वळेना. मग त्याने मांडव पाठवायचं ठरवलं. मांडव एकटा कसा पाठवायचा, म्हणून बरोबर स्वतः आला. मागच्या गाडीतून बायको शालन आणि अव्वा.

उदयसिंह आला तो हॉलच्या दारातच थबकला. अंगात डाळिंबी जोधपुरी कोट, डोक्याला भगवा फेटा. त्याने वर बघितलं, मग चारी भिंतींकडे बघितलं, मग आपल्या बायकोकडे.

“विजयमाला, हे कुणी घातलं?”

“शालन,” पाच हातांवर उभ्या असलेल्या धैर्यशीलनं आपल्या बायकोला सांगितलं, “सांग त्यास्नी, मान आमचा हुता, आमी बजावला.”

“दोघांनी बी ऐकलंय,” शालन म्हणाली. “माझं तोंड कशाला दुखवू?” आणि ती अव्वाला सोफ्यावर बसवायला निघून गेली.

उदयसिंह तरातरा स्टेजकडे निघून गेला. पाहुणे यायची वेळ झाली होती.

खरी पंचाईत झाली ती मोनाची. मोना ही धैर्यशीलची धाकटी लेक. कॉलेजसाठी कोल्हापुरात काकाच्या घरी राहायला आली ती शिक्षण संपल्यावर फोटोग्राफर झाली, आणि बाप नि काका बोलेनासे झाले तरी काकाच्याच घरी राहिली. ह्या गोष्टीचा सल धैर्यशीलच्या मनात होता. पोरीनं बँकेच्या परीक्षा द्याव्यात, लोकांच्या जेवणावळीत कॅमेरा घेऊन वाकत फिरू नये, असं त्याचं मत. तिचा एकही फोटो त्याने नीट बघितला नव्हता. शालन मोबाइल पुढे करायची, आणि नेमका तेव्हाच त्याचा चष्मा सापडायचा नाही.

मोनानं तेजस्वीचा पहिला फोटो काढला, कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या पडद्यावर बघितला आणि तिचा चेहरा पडला. दुसरा काढला. जागा बदलून तिसरा काढला. मग तिनं विजयमालाला बाजूला घेतलं. पलीकडे चांदव्याची दोरी बघायच्या निमित्तानं धैर्यशील उभा होता, त्याला सगळं ऐकू येत होतं.

“काकी, बघा हे. तेजूताई हिरवी आलीया.”

“अगं बाई! कावीळ झाल्यागत दिसालीय की!”

“मी फ्लॅश सरळ तोंडावर मारत न्हाय, काकी. सरळ मारला की चेहरा भाकरीगत सपाट येतो, कपाळ चकाकतं, मागं काळी सावली पडती. मी तो वर छताकडं नाहीतर मागं भिंतीकडं मारते. तिथनं उजेड मऊ होऊन परत येतो. माणूस बोलत असतं, हसत असतं, त्याला पत्ता बी लागत न्हाय. मागच्या आठवड्यात हॉल बघून गेले तवा मी खूश झाले. छत पांढरं, भिंती पांढऱ्या, सोन्यासारखी जागा. आता छतावर मारला की उजेड हिरवा येतोय, भिंतीवर मारला की लाल.”

“नंतर कॉम्प्युटरवर निघत न्हाय व्हय?”

“हिरवं निघतंय. पण त्याच्यासंगं चेहऱ्यातली जान बी निघती.”

विजयमालानं वर चांदव्याकडे बघितलं. मग आवाज न चढवता म्हणाली, “मग वरचं कापड काढायचं. गुंडूला सांगतो की. मुलाकडची मंडळी अजून यायची हायत.”

धैर्यशीलच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तो तसाच वळला.

“कापडाला कोण हात लावतंय बघू! मान देऊन परत काढून घेताय? त्या कापडाची एक दोरी सुटली तर मी अव्वाला घिऊन निघालो. मग ह्या घरचा उंबरा परत न्हाय.”

हॉलमधलं बोलणं बंद पडलं. आचारीसुद्धा दारातून डोकावला. शालननं डोळे मिटून घेतले. बोललेलं मागे घ्यायची धैर्यशीलला सवय नव्हती, आणि आता जे व्हायचं ते उदयसिंहाच्या तोंडून येणाऱ्या पुढच्या वाक्यावर होतं. काढा म्हणाला, की सगळं संपलं. दोन वर्षांचा अबोला जन्माचा होणार.

उदयसिंह स्टेजवरून खाली आला. भावाकडे बघितलं नाही. बायकोकडे बघून म्हणाला, “मांडवाला कुणी हात लावायचा न्हाय.”

“अवो, पण फोटो...”

“फोटो हिरवं येऊदेत. घरातली माणसं हिरवी झाली तरी काय बिघडत न्हाय.”

विजयमाला रागानं नवऱ्याकडे बघत राहिली. आपल्या बाजूनं कोण आणि कोण नाही, हे धैर्यशीलला एकदम कळेनासं झालं. भावाशी भांडायची पुरती तयारी करून आलेल्या माणसाला भावानंच सोडवलं, की त्याचे हात नुसतेच लोंबकळतात. तो खुर्चीवर बसला.

पण मोनाचं कुठे सुटलं होतं? तिचं धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय असं झालं होतं. तिनं फ्लॅश सरळ मारून बघितला. समोर अव्वा होती. डोळ्यांवर लखकन उजेड पडला तशी म्हातारी दचकली, पदर आणखी वर गेला.

“मला नगो गं बाई,” ती जड जिभेनं म्हणाली. “माझा काडू नगो.”

मग मोनानं नवरीच्या खोलीतली पांढरी चादर आणवली. दोन बायकांनी ती दोन टोकांना धरली. झालं, सगळा हॉल चादरीकडे बघायला लागला. नाटकाचा पडदा उघडणार असल्यासारखे सगळे ताठ बसले. एकाच्याही चेहऱ्यावर मोकळेपणा उरला नाही. मोनानं हात जोडून चादर परत पाठवली.

ती हॉलभर नजर फिरवत होती. टेबलांवरची कापडं डाळिंबी, खुर्च्यांचे झगे डाळिंबी, पुरुषांचे फेटे भगवे, कोट निळे नि काळे. एवढ्यात तिची नजर बापावर थांबली. धैर्यशील नेसरीच्या दूधसंस्थेचा चेअरमन. कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, पांढरी विजार, आणि ते ल्यालेली ऐसपैस पाठ. सबंध हॉलमध्ये पांढरं म्हणावं असं तेवढंच होतं.

“आप्पा, जरा हिकडं या.”

“कशाला?”

“माझ्या मागं हितं उभं ऱ्हावा. आता पाठ करा.”

“कुणाकडं?”

“सगळ्यांकडं.”

धैर्यशीलला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा कान तापले. शुभकार्यात घरचा थोरला पुढे तोंड करून बसतो, येणाऱ्या-जाणाऱ्याचा रामराम घेतो. त्याने जमलेल्या सोयऱ्यांकडे पाठ करून उभं राहायचं, शाळेतल्या पोरासारखं? तेही पोटच्या पोरीनं सांगितलं म्हणून?

“मांडव तुमचाच हाय न्हवं?” मोना हळू आवाजात म्हणाली. तिचे डोळे भरले होते. “मग एवढं करा की, आप्पा. मला दुसरं काय सुचंना झालंय.”

सोफ्यावरून अव्वाचा आवाज आला. “ऱ्हा की रं उभा.”

तो उभा राहिला. तोंड जेवणाच्या टेबलांकडे, पाठ माणसांकडे. मोनानं त्याच्या खांद्याला धरून, बैलाला जुंपताना सरकवतात तसं थोडं डावीकडे सरकवलं. मग पाठीमागे फट् असा बारीक आवाज झाला आणि त्याच्या सावलीच्या कडा क्षणभर समोरच्या टेबलावर उमटल्या. परत एकदा. मागे तेजस्वी, मंडळींच्या आधीच येऊन पोचलेल्या नवऱ्या मुलाच्या, यशराजच्या, कुठल्याशा बोलण्यावर खुदकन हसली.

“आप्पा,” मोनाचा आवाज बदलला होता. “हे बघा.”

चष्मा खिशातच होता. ह्या खेपेला तो सापडला.

छोट्या पडद्यावर तेजस्वी होती. नवऱ्या मुलाकडे मान कललेली, ओठ नुकतेच उघडलेले, एका गालावर उजेड आणि दुसऱ्या गालावर त्याचीच मऊ सावली. पहाटे गोठ्याचं दार लोटलं की आतल्या वासराच्या अंगावर पडतो, तसला उजेड. पोरगी लहानपणापासून बघितलेली, पण ती एवढी देखणी आहे हे धैर्यशीलला कुणी सांगितलं नव्हतं. त्याने मान वर करून हॉलमध्ये तो उजेड शोधला. तिथे नुसत्या ट्यूबलाइटी होत्या आणि हिरवं कापड. डोळ्याचं पातं लवतं तेवढ्या वेळात तो आला होता आणि गेलाही होता, आणि त्याच्या पोरीनं तेवढ्यात तो धरून ठेवला होता.

“हे माझ्या सदऱ्यावरनं आलं?”

“व्हय.”

“आणि तुला कसं कळलं, कुठल्या बाजूनं पडंल ते?”

“बघून बघून कळतंय.”

धैर्यशीलनं चष्मा पुसला, परत चढवला आणि आपण होऊन पाठ केली.

पुढचा तासभर तो भिंत झाला. मोना सांगेल तिकडे जायचं, सांगेल तसं वळायचं. मुलाकडची मंडळी आली, ओटी भरणं झालं, अंगठ्या झाल्या. धैर्यशीलनं त्यातलं काही बघितलं नाही. त्याने बघितल्या त्या जिलेबीच्या पराती, पाण्याचे जार, आणि ‘घरचा थोरला असा उलटा का उभा आहे’ अशा नजरेनं बघणारे वाढपी. पण ऐकलं मात्र सगळं. माणसाच्या तोंडासमोर जे कुणी बोलत नाही, ते त्याच्या पाठीमागे किती सहज बोलतात! भिंतीला कान असतात हे सोयऱ्यांच्या ध्यानातच नव्हतं.

“थोरलं लई कडक हायत म्हणं,” मुलाकडची कुणी बाई म्हणाली.

“वरनं,” हा आवाज विजयमालाचा होता. “अव्वाला स्वतः भरवत्यात. सुनंच्या हातनं जेवत न्हाईत त्या. दोन वर्षं झाली, थोरलं कुठं मुक्कामाला गेलेलं न्हाईत.”

धैर्यशीलला आश्चर्य वाटलं. मघाशी कापड काढायला निघालेली हीच बाई. आणि हे तिला कळलं कुठून?

मग शालन हसली. तिचं हसणं त्याने ओळखलं, पण असं मोकळं हसणं घरात ऐकल्याचं आठवेना. फट् आवाज झाला. मोनानं पडदा त्याच्या पुढे धरला. बायकोचा चेहरा त्याने बराच वेळ बघितला. कानातली कुडी हलत असतानाच टिपली गेली होती. पिकलेल्या बटांत उजेड अडकला होता. इतकी वर्षं ही बाई त्याच्या समोर वावरत होती आणि तो हिच्याकडून फक्त चष्म्याचा पत्ता विचारत होता, ह्याची त्याला मनापासून लाज वाटली.

“नाद खुळा काढलंईस,” तो म्हणाला. पोरीच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

शेवटी मोना त्याला सोफ्याकडे घेऊन गेली. अव्वा कोपऱ्यात बसली होती, पदर तोंडावर. नेहमीसारखं तिच्याशी बोलणारं कुणी नव्हतं. तिला उत्तर द्यायला वेळ लागे, आणि शब्द वाकडे निघाले की लोक ओशाळून उठून जात.

“आप्पा, हितं. खांबाजवळ. तोंड खांबाकडं.”

“अव्वा काडू द्यायची न्हाय,” तो कुजबुजला.

“मी काय मागत न्हाय तिच्याकडं. तुम्ही फक्त हलू नका. हललासा की उजेड गेला.”

धैर्यशील खांबाकडे तोंड करून उभा राहिला. खांबाला गुंडूनं गुंडाळलेलं डाळिंबी कापड नाकापासून वीतभर. बराच वेळ मागे काही झालं नाही. मग कुणीतरी जमिनीवर बसल्याचा आवाज आला, गुडघे कडकड वाजले.

“जेवलीस, अव्वा?” उदयसिंह विचारत होता.

“आजून... न्हाय.”

“मी भरवू?”

“तुला... येतंय व्हय? तेला येतंय.”

‘तेला’ म्हणजे आपल्याला, हे धैर्यशीलला कळलं. अव्वा थांबत थांबत बोलू लागली. एकेक शब्द जसा आडातून ओढून काढत होती.

“बघ की... कसा उभा ऱ्हायलाय. ल्हानपनी बी... आसाच. भिताडाकडं तोंड करून. दूध कुनी सांडलं? तू. उखाणं... आपलं... लोणचं कुनी पाडलं? तू. आन तुझ्या आदी... ह्यो जाऊन भिताडाकडं उभा. मारायला जावं... तर पाठ पुढं.”

उदयसिंह हसला. मग अव्वा हसली. घशातून खरखरत आलेलं, लाळेनं भिजलेलं, पण हसणंच. दोन वर्षांत घरात हा आवाज झाला नव्हता. धैर्यशीलच्या पाठीवर फट् झालं. परत फट्. वळून बघावं असं त्याच्या अंगाच्या कणाकणाला वाटलं, पण पोरीनं हलू नका म्हणून सांगितलं होतं.

हसणं थांबलं. नंतर जे आलं ते धैर्यशीलला अपेक्षितच नव्हतं.

“अव्वा,” उदयसिंहाचा आवाज एकदम खाली आला. “दवाखान्यात मी बोललो ते खोटं हाय. मला त्याच दिवशी डॉक्टरनं सांगितलंतं. म्हणाला, जे व्हायचं ते कप पडला तवाच झालं, गाडी लवकर मिळाली असती तरी तोंड असंच ऱ्हायलं असतं. दादाचं काय चुकलं न्हाय. मीच कोल्हापुरात हुतो, तुझ्याजवळ नव्हतो. ते मला सोसंना, म्हणून त्याच्या अंगावर घातलं. आन एकदा सगळ्यांसमोर बोलल्यावर माघारी कसं घ्यायचं, कळंना.”

आजूबाजूला ताटं वाजत होती. धैर्यशीलच्या डोळ्यांतून पाणी गालावर आलं, गालावरून मिशीत उतरलं, आणि त्याला ते पुसताही येईना, कारण कोपर हललं असतं. खांबाचं डाळिंबी कापड त्याला दिसेनासं झालं. दोन वर्षं तो दररोज रात्री तीच संध्याकाळ पुन्हा जगत होता. गाडी दिली नसती तर, शेजाऱ्याची मागितली असती तर. ते सगळं आता कुणी पाठीवरचं ओझं उचलावं तसं उचललं गेलं होतं. मागे एकदाच फट् झालं. मग मोनाही थांबली.

“झालं, आप्पा,” ती म्हणाली. “वळा.”

त्याने बाहीनं तोंड पुसलं आणि वळला. अव्वा सोफ्यावर होती. पदर मांडीवर पडला होता, आणि तो पडल्याचं तिला भान नव्हतं. तिचा एक हात उदयसिंहाच्या फेट्यावर होता.

मोनानं कॅमेरा पुढे केला. धैर्यशीलनं चष्मा वर सरकवून बघितलं. अव्वा हसत होती. पोरीनं काही लपवलं नव्हतं. तोंड वाकडं होतं, डावा गाल खाली होता, आणि उजेड नेमका त्याच बाजूनं आला होता. सुरकुतीन् सुरकुती दिसत होती. गोंदण दिसत होतं. आणि तरी एवढा सुंदर चेहरा त्याने जन्मात बघितला नव्हता. लहानपणी तापात डोळे उघडल्यावर जो चेहरा वर दिसायचा, तो हाच. तो आजारात गेला, असं दोन वर्षं सगळे धरून चालले होते. तो कुठे गेलाच नव्हता.

“मला... दाव,” अव्वा म्हणाली.

मोना घाबरली. तिनं बापाकडे बघितलं. धैर्यशीलनं मान हलवली. अव्वानं कॅमेरा दोन्ही हातांत धरला, जवळ नेला, लांब नेला.

“वाकडं हाय की,” ती म्हणाली.

मोनानं कॅमेरा परत घ्यायला हात पुढे केला.

“आसूंदे,” अव्वा म्हणाली. “हसल्यावर... सगळ्यांचंच हुतंय.” आणि कॅमेरा परत देऊन तिनं सोफ्यावर शेजारी थाप मारली. “तू बी ये. तुझ्यासंगं... काड म्हनावं.”

ती धैर्यशीलला बोलावत होती. तो एक पाऊल पुढे आला आणि अडला. “मी बसलो तर उजेड कुठला, अव्वा? भिंत कोण हुणार?”

उदयसिंह जमिनीवरून उठला. फेटा काढून त्याने शालनच्या हातात दिला. मग जोधपुरी कोटाची बटणं सोडू लागला. लेकीच्या साखरपुड्यात, व्याह्यांच्या देखत, कोट काढून विजयमालाच्या अंगावर टाकला. आत पांढरा शर्ट होता, घामानं पाठीला चिकटलेला.

“दादा,” तो म्हणाला. दोन वर्षांत पहिल्यांदा सरळ त्याच्याशी. “तू बस. मी ऱ्हातो.”

“इस्त्री न्हाय तुझ्या शर्टाला,” धैर्यशीलच्या तोंडून निघून गेलं.

“चालतंय काय गं, मोना?”

“चालतंय, काका. पळतंय.”

उदयसिंह खांबाजवळ गेला, खांबाकडे तोंड केलं आणि ताठ उभा राहिला. धैर्यशील अव्वाच्या शेजारी बसला. म्हातारीनं त्याचा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला. समोर मोना कॅमेरा डोळ्याला लावून उभी होती, तिच्या पलीकडे धाकट्या भावाची पाठ. तिथे टाळूवरचे केस विरळ झाले होते, खांदे वडिलांसारखे पुढे वाकू लागले होते, आणि हे त्याला आज दिसत होतं. ती पाठ बारीक बारीक हलत होती. रडत होता की हसत होता, ते कळायला मार्ग नव्हता.

फट् झालं. धैर्यशील त्या पाठीकडेच बघत होता. मोनानं त्याला कॅमेऱ्याकडे बघायला सांगितलं नाही.